दहाव्या दिवसाचं पापलेट

दिल्लीच्या आयएनए मार्केटातले रसवाले सुनेत्राबाईंना 'बकरीवाली मॅडम' म्हणत. रोज पिशवीभर डाळिंबाची सालं नेणारी बाई घरी दुसरं काय पाळणार? बाईंनी पाळला होता परीक्षित.

सालं जात सरकारी प्रयोगशाळेत. ती उकळून त्या पाण्यात चांदीचा क्षार घातला की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे, जंतूंचे काळ असे कण तयार होत. ते कागदावर चढवले की त्यात गुंडाळलेलं पापलेट बर्फात दहा दिवस टिके. तिथले साहेब शुद्ध शाकाहारी. माशाची फाईल आली की सही करून खिडकी उघडत. त्यामुळे वही बाईंची, नाकही बाईंचं आणि हाताखाली पुण्याहून आलेला परीक्षित. रविवारी तो लक्ष्मीबाई नगरात त्यांच्या क्वार्टरवर जेवायला येई आणि मावशी म्हणे. एकदा "टाइप करून आणतो" म्हणून वही घेऊन गेला, तो थेट गुडगावच्या एका कंपनीच्या काचेच्या इमारतीत व्हाइस प्रेसिडेंट होऊन बसला. पेटंटच्या अर्जावर त्याचं एकट्याचं नाव होतं.

तरी आमंत्रण आलं. निर्यातदारांसमोर दहा दिवसांचं पापलेट उघडायचं होतं आणि ते ताजं आहे हे ओळखणारा एकही माणूस कंपनीत नव्हता.

"मावशी, तुमच्याशिवाय कोण? एवढं करा, अर्जात तुमचंही नाव घालतो. बिल्कुल!"

बाई गेल्या. त्यांनी कल्ला उचलला, पोट दाबलं. पापलेट ताठ होतं. बाईंच्या कागदाने जंतू मरत. मेलेल्या माशाला दहा दिवस ताठ ठेवायची सोय त्यात नव्हती.

"परीक्षित, हे सकाळच्या विमानाने आलंय."

"हळू, मावशी!"

"माझं दहा दिवसांचं कुठाय?"

"मागे, खोक्यात. रिस्क नको म्हटलं."

"उघडून पाहिलंस?"

"वास आला असता तर?"

वही पळवणाऱ्याचा निदान वहीवर तरी विश्वास असेल, एवढ्या आशेवर बाईंनी दोन महिने काढले होते.

एक निर्यातदार पुढे आला. "मैडम, ताजी है?"

"ताजी है. आज सुबह की. दस दिन वाली पीछे पड़ी है, मँगवाइए."

खोकं आलं. परीक्षित कागदासारखा पांढरा झाला. बाईंनी गुंडाळी सोडली. मासा मऊ पडला होता, पण कल्ले गुलाबी होते आणि वास नव्हता. निर्यातदाराने वाकून हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि सरळ होऊन परीक्षितला मिठी मारली.

"दोनों साथ में दिखा दीं! इसे कहते हैं कॉन्फिडेंस!"

टाळ्या पडल्या. परीक्षितच्या गालांवर अर्ध्या मिनिटात रंग परतला. "कंपॅरिझन," तो माइकवर म्हणाला, "पहले से यही प्लान था." मग माइक बाजूला धरून पुटपुटला, "मावशी, नावाचं सोमवारी बघतो हां. लीगलला विचारावं लागेल."

बाई पापलेट पुन्हा कागदात गुंडाळत होत्या.

"रहने दीजिए मैडम, स्टाफ उठा लेगा," निर्यातदार म्हणाला.

"मेरी है," बाई म्हणाल्या, आणि पापलेट बगलेत मारून लिफ्टकडे चालू लागल्या.