लंकाबाईचं ड्रॅगन फ्रूट

"मावशी, ते फळ होतं तिथं ठेवून या. विषय इथंच मिटवू," सविता सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली.

लंकाबाईच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात गुलाबी, खवल्याखवल्यांचं ड्रॅगन फ्रूट. चहाच्या खोलीच्या दारात रोहित उभा होता. सात नंबरच्या खोलीतल्या आप्पांचा हा मुलगा. आप्पांच्या उशाशी फळांची टोपली असायची आणि तिच्यातलं एक ड्रॅगन फ्रूट सकाळपासून दिसत नव्हतं.

"कुठं ठेवू?" लंकाबाईनं विचारलं. "हे माझं हाय."

"तुमचं?" रोहित हसला. "याला काय म्हणतात ते तरी माहितीये का?"

कालपर्यंत खरंच माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या सगळ्या नोकरमाणसांची तपासणी झाली, त्यात लंकाबाईला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या चहाबरोबरची खारी बंद, त्याऐवजी ताजं फळ खात जा. आता फळ म्हटलं की तिला पेरू ठाऊक, पपई ठाऊक. पण आज सकाळी पंचवटीत सलाउद्दीनभाईच्या गाडीवर हे नवलाचं फळ दिसलं आणि तिचे पाय थांबले.

"हे वो काय, भाई?"

"ड्रॅगन बोलते इसको. खाके देखो मौसी. आवडलं नाही तर उद्या येऊन शिव्या द्या मला."

ती हसली आणि एक घेतलं. रिक्षात सगळा रस्ता ते मांडीवर धरून बसली. दिवसभर फरशी पुसताना, भांडी उचलताना मन मात्र डब्याच्या पिशवीत होतं. आणि आता पहिला काप द्यायचा, तर हे दोघं पुढ्यात.

"त्या गाडीवाल्याला फोन लावा ना," सविता सिस्टरला मधला मार्ग सापडला. "तो सांगेल, म्हणजे झालं."

नंबर लंकाबाईच्या मोबाइलमध्ये होता. एका फोनचं काम. पण तिचा हात हलेना.

पेठकडच्या डोंगरात ती वाढली. तिथली करवंदं, आळूची फळं कुणाच्या मालकीची नव्हती. हात पुरेल तितकी खायची. मग लग्न झालं आणि नवऱ्यामागं दिंडोरीला काळ्या द्राक्षाच्या बागेत मजुरीला यायला लागली. डोक्यावर घोसच्या घोस लोंबायचे. मालक म्हणायचा, खाताना दिसली तर हजेरी कापीन. संध्याकाळी मुकादम बायकांना जीभ बाहेर काढायला लावायचा, जांभळी झालीय का ते बघायला. नवऱ्याच्या माघारी शहरात आली, दवाखान्याचं काम धरलं. पण ती रांगेत उभी राहून दाखवलेली जीभ लंकाबाई विसरली नव्हती.

"फोन नाय लावायचा," ती म्हणाली. "मी सांगितलं ना माझं हाय म्हणून? तेवढं पुरं. उद्या हे साहेब पेरू खातील, त्यांना कोन साक्षीदार मागंल का?"

रोहितचा चेहरा उतरला, मग तापला. "मी ऑफिसात तक्रार करतोय."

"करा. मला भूक लागलीय."

एरवी चहा उभ्यानं पिणाऱ्या लंकाबाईनं खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि फळाचे दोन भाग केले. आतून लालभडक, बिटासारखं. रोहित क्षणभर घुटमळला आणि तरातरा निघून गेला. तिनं चमचा खुपसला. गर थंडगार होता, बारीक बिया दाताखाली कुरकुरत होत्या. पण रंगाच्या मानानं गोडी अगदीच बेतास बात.

"कसंय?" न राहवून सविता सिस्टरनं विचारलं.

"करवंदापुढं कायच नाय."

"मग टाका ना!"

"का टाकू?" म्हणत तिनं साल खरवडून खरवडून शेवटचा गर संपवला.

टोपलीतलं फळ कुठं गेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रार मात्र झाली आणि पुढच्याच आठवड्यात लंकाबाईची बदली तळमजल्यावर, धुण्याच्या खोलीत झाली. तिनं तिथंही कुणाला काही समजावलं नाही.

पण ती पुढची गोष्ट. त्या दुपारी सात नंबरची बेल वाजली, तेव्हा ती बेसिनपाशी होती. आरशात ओठ, हनुवटी, सगळं लाल झालं होतं. तिनं साबणानं हात धुतले. तोंड तसंच ठेवलं. धुतलेली चादर खांद्यावर टाकली आणि गेली.

रोहित खिडकीशी पाठमोरा उभा होता. आप्पा तिच्याकडं बघून बोळकं पसरून हसले. "काय गं लंका, पान खाल्लंस?"

"नाय आप्पा," खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "फळ खाल्लं." आणि त्यांच्या पाठीखाली अलगद हात घालून तिनं त्यांना कुशीवर वळवलं.