मुकं पातं

पाचूला तडा गेला तेव्हा साधा आवाजही झाला नाही. सोन्याची पट्टी खड्याच्या कडेवर दाबताना सूनबाईच्या हातातली सळई केसभर घसरली आणि हिरव्या खड्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढरी रेघ उमटली. तिने सळई खाली ठेवली, फडक्याला हात पुसले आणि नुसती बघत बसली. रडावंसं वाटत होतं. पण शेजारच्या बाकावर सासरे बसले होते, आणि त्यांच्यासमोर रडायचं म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचं सगळं रडणं पुन्हा वर काढायचं.

तिला सगळी गल्ली सूनबाईच म्हणे, जणू तिचं लग्न अख्ख्या गल्लीशी लागलं होतं. चौदा वर्षं तिने कारखान्यात घासपूस केली होती, लाख वितळवली होती, खडे निवडून ठेवले होते. सासरे पाती घडवायचे. नवरा मुठी करायचा आणि त्यांत खडे जडवायचा. पाच महिन्यांपूर्वी तो छातीच्या दुखण्याने गेला आणि मागे एक अर्धवट खंजीर राहिला. चांदीची पोकळ मूठ, तिच्यावर वेलपत्ती, नऊ माणकं, पाच पुष्कराज. मुठीच्या टोकाचा पाचू तेवढा बसायचा राहिला होता.

हा खंजीर विकायचा नव्हता. संग्रहालयाने हत्यारं घडवणाऱ्या जुन्या घराण्यांचं एक दालन काढलं होतं. प्रत्येक घराण्याचा एक नग काचेच्या कपाटात कायमचा राहणार होता, खाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर घडवणाऱ्याचं नाव. ह्या धंद्यात पातं घराण्याचं मानतात आणि मूठ माणसाची, त्यामुळे नाव लागतं ते मुठीवाल्याचं. नवऱ्यामागे मूलबाळ नव्हतं. एवढी एक चिठ्ठी लागली तर तो कुठेतरी राहिला असं झालं असतं. सूनबाईचा सगळा जीव त्या चिठ्ठीत अडकला होता, आणि संग्रहालयाच्या तपासनीस बाई यायला पंचवीस दिवस उरले होते.

सासऱ्यांनी तडकलेला पाचू पाहिला. ते ओरडले नाहीत, हे तिला जास्त लागलं. त्यांनी जुन्या डब्यातून दुसरा पाचू शोधून दिला, पहिल्यापेक्षा जरा फिका, आणि एवढंच म्हणाले की खड्याशी भांडायचं नसतं, पट्टीला समजवायचं असतं. मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन भट्टीकडे गेले. सूनबाईने दोन दिवस काचेच्या तुकड्यांवर हात बसवला. तिसऱ्या दिवशी मुठीतली लाख थोडी ऊब देऊन मऊ केली, पाचू ठेवला, पट्टी दाबली. बसला. मग घरच्या रीतीप्रमाणे तिने मूठ दोन बोटांत लोंबती धरली आणि पितळी सळईने पात्यावर हलकेच टोला दिला.

ह्या घरात हत्यार डोळ्यांनी पास होत नसे, कानांनी होई. चांगलं पातं मुठीत बसल्यावरही बोलतं. आवाज निघतो, लांबतो आणि सावकाश विरतो. हे पातं बोललं नाही. लाकडी फळीवर चमचा पडावा तसं खट्ट झालं आणि संपलं.

तिने खिडकीशी नेऊन वाजवलं, दार लावून वाजवलं. खट्ट. मुकं पातं संग्रहालयातच काय, बाजारातही जात नाही. आणि नवऱ्याने पातं मुठीत बसवलं त्या दिवशी सासऱ्यांनी ते वाजवून "वा, काय स्वच्छ बोललं" म्हटलेलं तिने आतल्या खोलीतून ऐकलं होतं. पात्याचा आवाज तिच्यापर्यंत आला नव्हता, सासऱ्यांचा आला होता. त्यांचा आवाज तीन घरांपलीकडे जायचा. म्हणजे जे बिघडलं ते नंतर, आणि नंतर खंजिराला हात लावला तो फक्त तिने. ऊब जास्त झाली असणार, आत लाख फुटली असणार, मुठीत जाणारी पात्याची शेपटी सैल झाली असणार.

लाख बदलायची तर पातं बाहेर काढायला हवं, त्यासाठी मूठ चांगली तापवायला हवी, आणि मूठ तापली की लाखेवर बसलेले खडे हलणारच. म्हणजे आधी सगळे खडे काढायचे. तिचा स्वतःचा एक, आणि नवऱ्याने बसवलेले चौदा.

दोन दिवस ती त्या मुठीकडे फिरकली नाही. समोरच्या कुलूपवाल्याने विचारलं, सूनबाई, तुमच्या बाकावर सामसूम कशी, तर डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बसली आणि पहिल्या माणकाभोवतीची पट्टी उचकटली. नवऱ्याचा हात तिला पाठ होता. तो पट्टी डावीकडून सुरू करायचा आणि शेवटी तिला एक बारीकशी घडी घालायचा. चौदा वेळा तिने ती घडी उलगडली. त्याचं शेवटचं काम आपण आपल्याच हातांनी उसवतोय, आपल्याच चुकीपायी, ह्या विचाराने तिला दुपारी घास गिळवला नाही.

उन्हं कलल्यावर मूठ तापवून तिने पातं ओढून काढलं. लाख शाबूत होती. कुठेही फुटली नव्हती. तिने शेपटी घासून साफ केली आणि उजेडाला धरली. पात्याच्या मुळाशी, जिथे मूठ सगळं झाकून टाकते तिथे, आडवा तडा होता. तड्याची आतली कड काळी होती. नवा तडा आतून चकचकीत असतो. काळा असतो तो भट्टीतला, पात्याला पाणी देतानाचा. आणि त्या तड्यावर चांदीची तार आवळून गुंडाळली होती, वेढ्याला वेढा चिकटून, आणि तारेच्या शेवटाला बारीकशी घडी.

पातं जन्मापासून मुकं होतं. नवऱ्याने ते ऐकलं होतं. तारेने तडा आवळून वर मूठ चढवली होती, बापाने स्वच्छ बोललं म्हटल्यावर तो मूग गिळून बसला होता, आणि पुढे तीन महिने त्या मुठीवर खडे जडवत होता. केवढा शहाणा! तपासनीस बाईंना कान नसतील असं वाटलं होतं का त्याला? की त्या येतील तेव्हा आपण नसणार, हे त्याला कळून चुकलं होतं? तो गेल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्यावर चिडली, आणि चिडल्यावर तिला जरा बरंही वाटलं.

मग बापाची पाळी आली. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होतो. तो बारीक होत जातो, आणि नेमक्या एका क्षणी पातं बाहेर काढायचं असतं. उशीर झाला की तडकतं, घाई झाली की मऊ राहतं. तो क्षण सासरे चाळीस वर्षं कानांनी पकडत आले होते. त्या कानांचं काय झालंय, असा प्रश्न घरात कोणाला पडला नव्हता. ते मोठ्याने बोलत, तर तो त्यांचा स्वभाव. भलतंच उत्तर देत, तर ती त्यांची थट्टा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते उघडं पातं त्यांच्यासमोर नेलं. मुळाशी फडकं गुंडाळलं होतं. मामंजी, जरा ऐकून सांगता का, असं तिने खुणेनेच विचारलं. ते खुशीत आले, स्टुलावर बसले आणि नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. तिने सळई उचलली, आणि पात्यापासून बोटभर अंतरावर तिचा हात थांबला. तिने तसं ठरवलं नव्हतं. पण थांबला तो तिने तसाच थांबू दिला.

"वा," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "स्वच्छ. असं पातं रोज होत नाही."

मग त्यांनी डोळे उघडले. सळई अजून हवेतच होती. ते सळईकडे बघत राहिले, मग तिच्या तोंडाकडे.

"मारलंस ना?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

आता ते कारखाना डोक्यावर घेतील असं तिला वाटलं. त्यांनी पात्यासाठी हात पुढे केला. तिने फडकं सोडून तडा दाखवला, तार दाखवली. तार कोणाच्या हातची ते ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. ती घडी त्यांनी अंगठ्याच्या नखाने पुन्हा पुन्हा चाचपली.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान तिने कधी ऐकला नव्हता.

दिवसभर ते बाहेर पायरीवर बसून होते. पाणी नेलं तर घेतलं नाही. कुलूपवाल्याला काहीतरी झालंय हे कळलंच, आणि तिला बाजूला घेऊन तो म्हणाला की म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला तीन वर्षांपासून ठाऊक आहे, आम्हाला वाटलं घरात माहीत असेलच. सूनबाईला त्याला त्याच्याच कुलपाने कोंडून घालावंसं वाटलं.

पण सकाळी ती खाली आली तेव्हा भट्टी पेटलेली होती. सासऱ्यांनी नवा पोलादी तुकडा काढून ठेवला होता. पाण्याचा आवाज बारीक झाला की माझ्या खांद्यावर हात मार, असं त्यांनी भट्टीकडे बघत सांगितलं. कान आता तुझे.

दोन दिवसांनी पहिलं पातं पाण्यात गेलं. सूनबाई आवाज ऐकत राहिली, अजून थोडा, अजून थोडा, आणि तिचा हात खांद्यावर पडला तोवर उशीर झाला होता. पातं टोकाशी तडकलं. दुसऱ्या वेळी तिने भीतीपोटी लवकर हात मारला. पातं मऊ राहिलं आणि वाकलं. सासऱ्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. पहिल्या चुकीला मी मार खाल्ला होता, तू सुटलीस, एवढंच म्हणाले, आणि हसले नाहीत.

तिसऱ्या पात्याच्या वेळी तिने डोळे मिटले. चर्र आवाज खाली आला, बारीक झाला, धाग्याएवढा राहिला. तिने हात मारला. पातं बाहेर आलं. पुढचे सगळे सोपस्कार झाल्यावर तिने ते लोंबतं धरून वाजवलं आणि ते बोललं, इतकं लांब बोललं की ती श्वास घ्यायचा विसरली.

सासरे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पातं मागून घेतलं, त्याची शेपटी दातांत घट्ट धरली आणि मार अशी खूण केली. तिने मारलं. म्हाताऱ्याचे खांदे थरथरले. दातांतून, हाडांतून काहीतरी त्यांच्या आत पोचलं होतं.

मग त्यांनी जुनं, तडकलेलं पातं आणायला लावलं. तिला ते नको होतं, पण आणलं. तेही त्यांनी दातांत धरलं. तिने मारलं आणि मेलेला आवाज खोलीत पडला. सासऱ्यांनी पातं तोंडातून काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"हे ऐकून तो माझ्यासमोर बसून रोज जेवत होता," ते म्हणाले. "आणि मी त्याला सांगत होतो की तुझा कान अजून कच्चा आहे."

तिने नवं पातं लाखेने मुठीत बसवलं. मग ती खडे घेऊन बाकावर बसली.

पंधराच्या पंधरा खडे आता तिलाच बसवायचे होते. नऊ दिवस ती सकाळच्या उजेडापासून उजेड जाईपर्यंत बसली. तिसरं माणिक बसवताना लाख थोडी जास्त मऊ झाली आणि खडा एका अंगाला कलला. तिने काढून पुन्हा बसवला, पुन्हा कलला. तिसऱ्यांदा काढला असता तर खालची चांदीची कड फाटली असती. म्हणून तो तसाच राहिला. सहज बघणाऱ्याला दिसला नसता.

तपासनीस बाई ठरल्या दिवशी आल्या. त्यांनी खंजीर लोंबता धरला आणि वाजवला, आणि आवाज विरेपर्यंत पापणी हलवली नाही. सासरे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग बाईंनी भिंग काढलं आणि मूठ फिरवत फिरवत एकेक खडा पाहिला.

"पातं अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "वेलपत्ती जुन्या हाताची. जडाव मात्र नवखा वाटतो. हे माणिक कललंय. तरी घेतो आम्ही." त्यांनी वही उघडली. "नाव काय लिहू?"

ते नाव सूनबाईने सहा महिने जिभेवर ठेवलं होतं. मूठ त्याची होती, वेलपत्ती त्याची, खडेही त्यानेच निवडलेले. सांगितलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. सासऱ्यांनी तर सकाळीच बजावलं होतं की त्याचंच नाव सांग. पण मग ते कललेलं माणिक त्याच्या नावाखाली कायमचं राहिलं असतं. जाणकार माणसं काचेपुढे उभी राहून म्हणाली असती, हात नवखा. त्याने आयुष्यात एक खडा कललेला बसवला नव्हता. बापाची चूक त्याने मुठीत लपवली ती लपवली. आता बायकोचीही त्याच्याच माथी मारायची?

"माझं लिहा," ती म्हणाली, आणि नाव सांगितलं. लिहिताना बाईंनी ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

बाई पेटी घेऊन गेल्या. सासरे दारात उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. मग वळले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा समाधान होतं.

"सांगितलंस ना त्याचं नाव?"

"नाही, मामंजी."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

ती अगदी जवळ गेली. तिने होता नव्हता तेवढा आवाज काढला. "ह्यांचं नाव नाही सांगितलं. माझं सांगितलं."

समोरच्या दुकानात कुलूपवाल्याची कानस थांबली. ह्या वेळी सासऱ्यांना ऐकू आलं.