अर्धी पाहिलेली, अर्धी ऐकलेली

"पहिलं हसू संपेपर्यंत कुणी खोकायचं नाही."

हे माझ्या थोरल्या भावाचं, रऊफचं फर्मान. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी नऊची. ईदच्या दुपारी टीव्हीवर नाटक लागायचं, आणि करमूझ मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शेजारची वीसेक माणसं दाटीवाटीने बसायची. एकदा मामाला ढास लागली तर रऊफने त्याला हाताला धरून जिन्यात नेऊन बसवलं. मामाही मुकाट्याने बसला.

आता रऊफ बहात्तरचा आहे. बंदरावरच्या जकात कचेरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्याची खरी नोकरी आमच्या खिडकीखालच्या शहहातच्या कहवाखान्यात अजून चालू आहे. रमजानमध्ये इफ्तारनंतर मालिकेचा भाग बघायचा आणि खाली जाऊन निकाल द्यायचा. "तीस भागांची मालिका म्हणजे पंधरा भागांची गोष्ट आणि पंधरा भाग जिने चढणं," असं तो म्हणतो. किंवा, "पूर्वी सिनेमातली नायिका मरताना खोकायची. आता ओठ रंगवून मरतात." विनोदाबद्दल तो फार कडक आहे. नट तोंड वाकडं करायला लागला की म्हणतो, "ह्याला दंतवैद्याकडे न्या." टीव्हीतून आपोआप हशा ऐकू आला तर उठून जातो. टीव्हीनेच हसायचं तर आपण कशाला बसायचं, हे त्याचं म्हणणं. लोक चहा थंड होऊ देतात, पण त्याचा निकाल ऐकल्याशिवाय उठत नाहीत.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी त्याच्याकडे राहायला आले. त्याच वर्षी मी अल्लाची शपथ घेतली होती की रमजानमध्ये टीव्ही बघणार नाही. त्याला अकरा वर्षं झाली. रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कुराणाचा एक पारा वाचायचा आणि इफ्तारनंतर आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसायचं, एवढाच माझा नेम. रऊफ कधी काही बोलला नाही. उलट मालिका सुरू होताना माझं दार तोच ओढून घ्यायचा.

पण या रमजानमध्ये दार ओढूनही उपयोग होईना. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की वरच्या मजल्यावरची बाई फरशीवर मुसळ आपटायची. खोटं कशाला बोलू, जप करता करता सगळी मालिका माझ्या कानात येऊन बसली. एका गल्लीतल्या औषधवाल्याची गोष्ट होती. नवव्या भागात तो फोनवर कुणाशी तरी हळू बोलतो, आणि कळतं की मुदत संपलेली औषधं नव्या वेष्टनात घालून विकणारा तोच. माझी जपमाळ तिथेच थांबली.

त्या रात्री भाग संपल्यावर रऊफ खाली गेला. खिडकी उघडी होती.

"या मालिकेत सरळ माणूस एकच," तो सांगत होता. "तो औषधवाला. चेहरा बघा त्याचा. आईच्या औषधासाठी फोन करतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं."

 मग लबीब मास्तर म्हणाले, "रऊफ, आईला मरून चार भाग झाले. त्याचे डोळे भरतात ते पकडले जाण्याच्या भीतीने." लबीब शाळेत चित्रकला शिकवायचे आणि चाळीस वर्षं रऊफशी वाद घालत आले होते.

कुणीतरी म्हणालं, "साहेबांनी आज मालिका झोपेत बघितली." शहहातसुद्धा हसला.

रऊफ दहा मिनिटांत वर आला. म्हणाला, "शहहातचा चहा अलीकडे पाणचट झालाय."

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टीव्हीसुद्धा लावला नाही. शहहातने खालून दोनदा हाक मारली. रऊफने खिडकीकडे मानही वळवली नाही, आणि तेव्हा मला कळलं की त्याला ती ऐकूच आली नव्हती.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. "अबेह, कधीपासून?"

थोरल्या भावाला आम्ही अबेह म्हणतो; त्याच्याशी असं बोलायचं म्हणजे मलाच लाजल्यासारखं झालं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"मागच्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "आवाज येतो, शब्द येत नाहीत. लोक हसले की मी हसतो. पण विनोदात उशिरा हसणारा माणूस लगेच ओळखू येतो, आफाफ. मीच कितीजणांना ओळखलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मी कशाला जातो? कानात यंत्र घालून टेलिफोन कचेरी व्हायचंय का मला?"

"तुम्ही चेहरे बघितलेत," मी म्हणाले, "मी शब्द ऐकलेत. दोघांचं मिळून एक होईल. उद्या दुपारी पुनःप्रक्षेपण असतं. मी तुमच्यासमोर बसून सांगत जाईन."

"चेहरे न बघता कोण बोललं ते कसं सांगशील?"

"बघेन ना."

तो चपापला. "वेडी आहेस का? एका लबाड औषधवाल्यासाठी अकरा वर्षांचा नेम मोडणार?"

"शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, असं धर्मात सांगितलंय. आणि शपथेपेक्षा चांगलं काही समोर आलं तर ते करावं, हेही सांगितलंय. तांदूळ आहे घरात. पण माझीही अट आहे. गुरुवारी तुम्ही ट्रामने कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"ईदनंतर."

"गुरुवारी."

 मग तो म्हणाला, "बरं. पण शहहातला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्हीच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून खुर्ची मांडली. मान वळवून बघायचं आणि पुन्हा फिरून सांगायचं. सुरुवातीला मी पारा वाचल्यासारखं एका सुरात सांगत होते. रऊफने हात वर केला. "थांब. ती सून 'या, सासूबाई' अशी म्हणाली का? तिच्या भुवया बघ." मग मी भुवयांसकट म्हटलं. तो हसला, आणि या खेपेला वेळेवर हसला. मलाही हसू आलं. रोज्यात इतकं हसायला मला संकोच वाटत होता, पण आवरेना.

"ही सून चांगली नटी आहे," तो शेवटी म्हणाला. "लेखक मात्र आळशी. खलनायकाला फोनवर कबुली द्यायला लावतो. मला आधीच वाटलं होतं."

"तुम्हाला तर तो देवमाणूस वाटला होता."

"ते कान बंद असताना."

बुधवारी मी भात, मसूर आणि थोडं मटण शिजवून दहा डबे भरले. ते घेऊन मी मशिदीजवळच्या वस्तीत गेले. रऊफ मागून पिशवी धरून आला, आणि वाटेत त्याने डॉक्टरचं नावही काढलं नाही. मला वाटलं, उद्या सकाळी काहीतरी कारण निघेल. छातीत दुखेल, नाहीतर ऊन लागेल.

गुरुवारी मी असरनंतर वाचायला बसले होते. मध्येच जिन्यावर पावलं वाजली. पान संपवून मी खिडकीशी गेले. रऊफ इस्त्रीचा सदरा घालून कहवाखान्यासमोरून चालला होता. लबीब मास्तरांनी त्याला हात केला, आपल्या शेजारची खुर्चीही पुढे सरकवली. रऊफने छातीवर हात ठेवून मान लववली, आणि न थांबता ट्रामच्या थांब्याकडे वळला.