माझ्यावर कुणी बसेना

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची खुर्ची आहे. पाथर्डीत बाजारतळामागच्या खोलीत राहते. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. तो तसा का झाला ते ऐका आणि मग मला नावे ठेवा.

गहिनीनाथ सुताराने मला एका गुरुजींसाठी बनवले. माझे हात त्याने इतके घासले होते की गुरुजींच्या सदऱ्याचा धागाही कधी अडकला नाही. काय थाट होता माझा! पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला, शाळेत लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला व्हरांड्यात टाकून दिले. तिथे पडल्या पडल्या मी त्या लोखंडी खुर्च्यांवर जळत राहिले.

१९९५ च्या सुमारास शुभांगीताईंनी मला उचलून आणले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा त्या एक गट चालवत. मनातले दुखणे नुसते सांगायचे नाही, नाटकासारखे करून पाहायचे, असा तो गट. ताई पुण्याला हे शिकून आल्या होत्या.

"पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हिएन्ना शहरात एका डॉक्टरांनी रंगमंचावर रिकामं सिंहासन ठेवलं," त्यांनी बायकांना सांगितले. "लोकांना म्हणाले, या, राजा होऊन बसा आणि बोला. पुढे त्यांना सुचलं, माणसानं आपलं दुखणं चारचौघांत असं करून दाखवलं तर ते हलकं होतं. मग हे अमेरिकेत गेलं, दवाखान्यांत गेलं, तुरुंगांत गेलं. आता पाथर्डीत आलंय."

ते सिंहासन लाल मखमलीचे होते म्हणे. ऐकूनच माझा जळफळाट झाला.

ताईंनी मला मधोमध ठेवले. ज्याच्याशी बोलायचे तो माझ्यावर बसला आहे असे समजायचे. घोटाळा असा झाला की बायकांनी ते खरेच धरले. माझ्यावर सासरा 'बसला' की डोक्यावर पदर येई. "आता तुम्ही तिथे बसा, सासरे होऊन बोला," असे ताई म्हणाल्या की सगळ्या जीभ चावत. "अगं बाई! मामांच्या जागंवर कसं बसावं?" बायडाबाई तर एकदा माझ्या पायाच पडली.

मान मिळाला, पण बसले कुणीच नाही. खाली सतरंजी होती. तिच्यावर बायका ऐसपैस बसत, पोरे लोळत, शेंगांची टरफले सांडत. मेली फाटकी सतरंजी! तिचा मला इतका हेवा वाटे की सांगता सोय नाही.

दसऱ्याच्या आसपास लंकाबाई आली. दरवर्षी ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाई आणि तिची लहानगी पूजा थोरल्या जावेपाशी, साळूबाईपाशी राही. या उन्हाळ्यात लंकाबाई परत आली, तर पोरगी साळूबाईलाच 'आई' म्हणत तिच्या पदरामागे लपली. तेव्हापासून दोघी जावांचे बोलणे बंद होते. यंदा पूजाला शाळेतून काढून उसाच्या फडावरच न्यायचे, असे लंकाबाईने ठरवले होते.

"ही साळूबाई," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बोला तिच्याशी."

लंकाबाईने आधी पदर घेतला. मग तिचा बांध फुटला. "आक्का, पोरगी म्या जलमाला घातली अन् तुमी आयत्या आई झालात! न्हेते मी तिला. पाचटात झोपंल, पन मला आई म्हनंल!"

मला तिचा शब्द न् शब्द पटला.

"आता साळूबाई होऊन बसा," ताई म्हणाल्या.

लंकाबाई अडली. थोरल्या जावेची जागा! मग रागाच्या भरातच पुढे आली आणि धपकन बसली. माझा डुगडुगता पाय करकरला. किती वर्षांनी कुणाचे तरी ओझे अंगावर आले होते!

"साळूबाई, पूजा तुम्हाला आई म्हणते. बरं वाटतं?" ताईंनी विचारले.

लंकाबाईने तोंड उघडले ते जावेची नक्कल करायला. पण नक्कल होईना. तिने माझे हात घट्ट धरले.

"वाटतं की," ती हळू बोलली. "माजी कूस उजवली न्हाई, ताई. लंका गाडीत बसती तवा पोरगी रडती, अन् मला मनातून बरं वाटतं. मंग माजी मलाच लाज वाटती." मग लंकाबाई आपल्याच आवाजात म्हणाली, "गेल्या साली मी फडावर हुते, तवा पोरीला गोवर आल्ता. आक्का उशाशी बसून हुती. समदा गाव सांगतोय. म्याच ऐकून घेतलं न्हाई."

ती रडू लागली, पण माझ्यावरून उठली नाही.

ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी ती साळूबाईला आणि पूजाला घेऊन गटात आली. ताईंनी मला पुढे केले. मी हरखले. पण दोघी जावा सतरंजीवरच टेकल्या. पूजाचे डोके एकीच्या मांडीवर, पाय दुसरीच्या.

"हिला थोरली आई म्हन," लंकाबाई पूजाला म्हणाली. "मी धाकटी. साळंत जा, अन् मी आले की लपू नको."

मी पुन्हा जळून खाक झाले. पण सगळ्या गेल्यावर ताईंनी सतरंजी गुंडाळून नेहमीसारखी माझ्यावर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या अंगावरची सगळ्यांच्या पायांची धूळ दिसली.

मित्रांनो, जुन्या खुर्चीचा पाय डुगडुगला तर तिला टाकून देऊ नका, एक पाचर ठोका. आणि ज्याच्यावर तुम्ही जळता, त्याच्या जागी एकदा बसून पाहा. मला काही उठून जाता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सतरंजीच माझ्याकडे येऊन बसते.