एका माणसाला एकच हमी

माझा थोरला भाऊ ताकही फुंकून पितो असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. तो ताक आधी दुसऱ्याला पाजतो आणि त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसतो. नोकरीभर त्यानं इमारतींमधली आगीपासूनची सुरक्षा तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला इमारती उरल्या नाहीत, तेव्हा त्यानं घर धरलं. वहिनी बाहेर पडली की तिला फोन करून विचारायचा, इस्त्री बंद केलीस ना?

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे घाबरट माणसांवरच माझं पोट चालतं. भरधाव जाणाऱ्यांपेक्षा मला भीती वाटते ती रस्त्याच्या मधोमध उगाच ब्रेक मारणाऱ्यांची. दादानं तेच केलं.

वहिनीच्या वडिलांनी तिच्यासाठी थोडे शेअर ठेवले होते. ते गेल्यावर दादानं ते स्वतःच्या नावावर करून घेतले. तुझ्या डोक्याला कशाला ताप, म्हणाला. वहिनी पडदे शिवते, आणि जिथे शिवते ते दुकान भाड्याचं. दुकानाचा मालक आता थकलाय. विकायचं झालं तर आधी तुलाच विचारीन, असा त्यानं तिला शब्द दिला होता. ते शेअर म्हणजे वहिनीचं दुकान, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बाजार जरासा घसरला आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं होते नव्हते ते सगळे शेअर विकले. बरं, विकलेस तर पैसे काढून मोकळा हो! ते नाही. पैसे ब्रोकरकडे शेअरच्या खात्यातच पडून. घरची बचत बँकेत आणि हे पैसे ब्रोकरकडे, म्हणजे एक बुडालं तरी दुसरं शाबूत, असं तो रोज जेवताना समजावायचा. आम्ही मुकाट्यानं जेवायचो.

आणि बँकेचंच दिवाळं वाजलं. बंद शटरपुढे लोक रडत होते, शिव्या देत होते, आणि आमचे बंधुराज त्यांना नाकानं कांदे सोलत सल्ले देत होते. ठेवींना हमी असते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत पै न पै परत मिळते, माझी बचत मी मर्यादेच्या आतच ठेवलीय, आणि बाकीचे पैसे तर इथे नाहीतच. एका बाईनं त्याला तिथून हाकललं, ते मला फार आवडलं.

भरपाई मागायला दादा-वहिनींना हमीच्या कार्यालयात मीच गाडीतून नेलं. टेबलामागच्या बाईनं संगणकात दादाचं नाव घातलं, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, शेअरच्या खात्यातली रोख रक्कमही तुमचीच ना? दादा म्हणाला, हो, पण ती ब्रोकरकडे आहे, तिचा इथे काय संबंध?

बाईनं शांतपणे सांगितलं. ग्राहकांचे पडून असलेले पैसे ब्रोकर स्वतःच्या कपाटात ठेवत नाही, तोही ते बँकेतच ठेवतो. तुमचे त्यानं याच बँकेत ठेवले होते. आणि एका बँकेत एका माणसाला एकच हमी, खाती किती का असेनात. तुमची बचत आणि हे पैसे एकत्र धरणार. मर्यादेपर्यंतचं मिळेल. वरचं बँकेची मालमत्ता विकली गेली तर, आणि तेव्हा जे येईल ते.

"पण मी तर दोन ठिकाणी ठेवले होते," दादा म्हणाला.

"तुम्ही ठेवले दोन ठिकाणी. पोचले एकाच ठिकाणी."

वरचं म्हणजे जवळजवळ तेवढंच, जेवढे वहिनीचे शेअर विकून आले होते. मला दादाची इतकी कीव आली आणि इतका राग आला, की आधी काय करावं ते कळेना. वहिनीनं एकच विचारलं.

"ते पैसे माझ्या नावावर असते तर?"

बाई म्हणाली, "तर तुम्हाला तुमची वेगळी हमी मिळाली असती. दोघांचे सगळे पैसे परत आले असते."

म्हणजे बघा. या माणसानं बँकेवर भरवसा ठेवला नाही, बाजारावर ठेवला नाही, ब्रोकरवरही अर्धाच ठेवला. पण बायकोच्या नावावर पैसे ठेवायला काय धाड भरली होती? दादाला बोल लावायला माझी जीभ शिवशिवत होती, पण वहिनीकडे बघून मी ती आवरली.

भरपाई कुठल्या खात्यात पाठवायची, बाईनं विचारलं. दादा तोंड उघडायच्या आत वहिनीनं पडद्यांचे पैसे जमा होतात त्या तिच्या खात्याचा नंबर सांगितला. बाई म्हणाली, चालेल, पण यांची संमती लागेल. तिनं कागद दादापुढे सरकवला.

दादानं विचारलं, तुझ्या खात्यात कशाला? वहिनी म्हणाली, मालकानं उद्या बोलावलंय, एवढ्या पैशांत दुकान येतं, मी घेतेय.

"अगं, मग घरात काय उरेल?"

"दुकान."

"आणि ते नाही चाललं तर? एवढेच उरलेत, तेही बुडाले तर?"

वहिनीचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "अहो, एकदा तुमच्या हातून बुडाले, तेव्हा मी काही बोलले का? आता बुडायचेच असतील, तर या वेळी माझ्या हातून बुडू देत."

दादानं केविलवाणं तोंड करून माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "सही कर."