ठकीची बाटली

डोळे मिटा बघू. समजा, तुमच्या हातात औषधाची रिकामी बाटली आहे आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर तुमचा सख्खा दादा कुजबुजतोय, "आटप गं लवकर." बाटलीत भरायची आहे तुमची लघवी. हसू नका. पहिल्यांदा ठकीलाही हसूच आलं होतं.

ठकीचा दादा दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात करवतीवर होता. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून कुणीतरी त्याला एक गोळी दिली. बंदी असलेली, चोरून विकली जाणारी. आता दिवसपाळीतही त्या गोळीवाचून त्याचं पान हलत नव्हतं. कारखान्यात लघवी तपासून नशा पकडणारी गाडी यायची खरी, पण ती येणार हे आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेलं असायचं. मग दादा ठकीची बाटली काखेत धरून ऊबदार ठेवायचा आणि आत जाऊन तीच स्वतःची म्हणून ओतून द्यायचा.

कालच कारखान्याच्या नर्सबाई ठकीच्या वर्गात आल्या होत्या. मोठ्या मुलांमधली नशा कमी होतेय, असं त्यांनी सांगितलं. "आणि आमच्याकडे करवतीवरचा एकही माणूस यंदा सापडला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठकीनंही वाजवल्या. पुढं बाई म्हणाल्या, "तपासणीआधी जो आपणहून माझ्याकडे येईल, त्याची नोकरी जाणार नाही. उपचार करू. पण कुणी येतच नाही. आता गरजच उरली नसावी."

कशी उरेल, ठकीच्या मनात आलं. मी आहे ना बाटल्या भरायला.

"झालं का?" दादानं दार वाजवलं.

"दादा, नर्सबाईंकडे जा ना. त्या नोकरी घालवत नाहीत."

"आणि आईला कळलं म्हणजे?"

"परवा तुझी बाही करवतीत गेली."

"बाहीच गेली ना? हात आहे जागेवर."

"बाहीनंतर बोटं येतात."

"आजीबाई, उपदेश नंतर. आधी बाटली भर, आज गाडी यायचीय. शेवटचं हं, ठके."

"मागच्या वेळीही शेवटचंच होतं."

"मागचं मागं गेलं. हे खरंखुरं शेवटचं."

ठकी खाली बसली. तिनं गोळ्या लपवून पाहिल्या होत्या, अबोला धरून पाहिला होता, रडूनही पाहिलं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चिडून बाटली आपटावी म्हटलं, तर तो लगेच दुसरी आणेल. बरं, भरावी, तर उद्या पुन्हा सगळे टाळ्या वाजवतील आणि करवत दादाची वाट बघत राहील.

तिनं दार उघडलं. बाटली रिकामीच होती. ती दप्तरात टाकून ठकीनं चपला घातल्या.

"शाळा तिकडं नाही," मागून दादा ओरडला.

ठकी थांबली नाही. कारखान्याच्या फाटकाशी नर्सबाईंची खोली होती, आणि खोलीबाहेर एक बाक. ठकी त्या बाकावर बसली. शेजारच्या जागेवर तिनं दप्तर ठेवलं, आणि कुणी बसायला आलं की ती सांगू लागली, "इथं माझा दादा बसणार आहे."