मुखवट्याखालची दाढी

शिड्या दोनदा नापास झाला होता, आणि तेही दाढीत.

एरवी पळण्यात, दोर चढण्यात, पाण्याने टम्म फुगलेला पाइप खांद्यावर घेऊन चार मजले गाठण्यात त्याचा हात धरणारा अग्निशमन केंद्रात कुणी नव्हता. उंचीमुळे सगळे त्याला शिड्या म्हणत, आणि खरी शिडी गाडीवरून उतरायच्या आत हा खिडकीशी पोचलेला असे. पण धुरात शिरताना जो मुखवटा चढवतात, तो काही त्याच्या तोंडावर नीट बसेना. मुखवट्याची रबरी कडा कपाळावरून, गालांवरून खाली येते आणि हनुवटीखाली कातडीला चिकटते. मध्ये खुंट आले की फट पडते आणि फट पडली की धूर आत. म्हणून दाढी रोज करायची, हा नियम. शिड्याचे केस राठ आणि कुरळे. रोज वस्तरा फिरवला की ते कातडीतच वळून रुतायचे, गळ्यावर फोड उठायचे, आणि त्या खडबडीत जागेवर रबर काय डोंबल चिकटणार.

चाचणी यंदापासूनच सुरू झाली होती, आणि ती साधी असते. मुखवटा लावायचा, डोक्यावरून एक पारदर्शक टोपडं घालायचं, आणि त्या टोपड्यात तपासनीस एक जहाल कडू फवारा मारतो. कडू लागलं तर मुखवटा गळतोय. दोन्ही वेळा शिड्याने स्वतःच हात वर करून सांगितलं होतं, की लागतंय कडू.

"गप्प बसायचंस की," गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. "तुझ्या जिभेत कोण डोकावून बघणार होतं?"

"तपासनिसाला फसवीन रे. धुराला कसं फसवू?"

तिसरी चाचणी बारा दिवसांवर होती. त्यातही नापास झाला तर गाडीवरून उतरून कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायला बसायचं, असं स्टेशनप्रमुखांनी स्वच्छ सांगितलं होतं. फोन घेणं हे काम काही हलकं नाही. पण भोंगा वाजल्यावर बाकीचे धावत सुटणार आणि आपण खुर्चीत बसून त्यांच्या बुटांचे आवाज ऐकणार, हे शिड्याला झेपणारं नव्हतं. डॉक्टरकडे गेला, तर ते म्हणाले, महिनाभर दाढी करू नका. चांगला सल्ला होता, पण त्याच्या काही उपयोगाचा नव्हता. दुकानदार म्हणाला, चार पात्यांचा रेझर सोडा, एका पात्याचा सेफ्टी रेझर घ्या. तो त्याने घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला कापसाचे सात बोळे चिकटवून आत्याच्या दारात उभा राहिला.

"मांजराशी भांडलास का?" आत्याने विचारलं.

आत्याकडे येण्याला कारण होतं. ती एकतीस वर्षं इस्पितळात नोकरीला होती, आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावरचे केस काढणं हे तिचं काम होतं. पोट, छाती, मांडी, डोकं, गळा, जिथे सर्जनची सुरी चालणार तिथे आधी आत्याचा सेफ्टी रेझर चालायचा. ओरखडा उठला तर सर्जन पेशंट परत पाठवायचे आणि आत्याचा उद्धार करायचे. तो प्रसंग तिच्यावर पहिल्या वर्षी दोनदा आला, नंतर कधीच नाही. आता बोटांचे सांधे आखडले होते, पण जीभ अगदी शाबूत होती.

"आत्या, तूच करून दे ना," शिड्या म्हणाला.

"आणि रोज सकाळी तुझ्या बंबामागे धावत येऊ? कर माझ्यासमोर. बघू दे काय दिवे लावतोस ते."

शिड्याने दिवे लावले. दहा सेकंदांत तोंडाला फेस फासला, रेझर मुठीत गच्च धरला आणि गालावरून खर्रकन खाली ओढला. ओढता ओढता त्याचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले.

"घड्याळात काय बघतोस?"

"आम्हाला मुखवटा एका मिनिटात चढवायचा असतो. सवय आहे."

"गालाला आग लागलीय का?"

"आता लागली," शिड्या म्हणाला आणि त्याने आठवा बोळा मागितला.

आत्याने रेझर काढून घेतला. चार दिवस रजा टाक, म्हणाली, आणि दाढीला हात लावू नकोस. पाचव्या दिवशी खुंट चांगले वर आल्यावर तिने त्याला खिडकीपाशी बसवलं आणि कोरड्या गालावरून स्वतःची बोटं फिरवायला लावली. बोट ज्या दिशेने गुळगुळीत जातं ती सुलट, जिथे खरखर लागते ती उलट. तो समजत होता की दाढी वरून खाली वाढते, जसा पाऊस पडतो तशी. गालावर ते खरं होतं. पण गळ्याच्या डाव्या बाजूला केस वर चढत होते आणि उजव्या बाजूला कानाकडे आडवे निघाले होते. म्हणजे इतकी वर्षं तो गळ्यावर सुलट समजून उलटच हात मारत आला होता. आत्याने काजळाची पेन्सिल घेतली आणि प्रत्येक जागी बाण काढले.

"पाठ कर हे," ती म्हणाली. "जिन्याचा नकाशा पाठ करता ना तुम्ही, तसा."

शिड्या बाण पुसायचे विसरून तसाच बाजारात गेला. भाजीवाली बराच वेळ त्याच्या गळ्याकडे बघत राहिली आणि शेवटी तिने न मागता दोन लिंबं जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी फेस. शिड्याचा फेस ढगासारखा फुगलेला आणि कोरडा असायचा. आत्याने आधी गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर धरायला लावला, मग ब्रश थेंब थेंब पाण्यात बुडवून वाटीत इतका वेळ घोटायला लावला, की त्याचं मनगट दुखायला लागलं. फेस दह्यासारखा घट्ट आणि ओलसर झाला तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मग रेझरचा कोन. आधी रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं, तेव्हा पातं लागतच नाही. मग दांडी हळूहळू खाली आणायची. पातं केसाला लागल्याचा बारीक आवाज आला की थांबायचं, तोच कोन. हात छोटे छोटे मारायचे, आणि कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची.

हे सगळं शिड्या झटकन शिकला. गडी हुशार होता. पण जोर काही सुटेना. दांडी टोकाला दोन बोटांनी धर, रेझरच्या वजनावर सोड, असं आत्या शंभरदा म्हणाली. शंभरदा तो हो म्हणाला आणि एकशे एकाव्यांदा त्याने दाबलं. पाण्याच्या पाइपचं तोंड दहा वर्षं दोन्ही हातांनी दाबून धरलेला माणूस तो, हलकं धरायचं म्हणजे सोडायचं असंच त्याच्या हाताला वाटायचं. गळ्यावर पुन्हा रक्ताचे ठिपके आले. शिड्याचं तोंड उतरलं.

आत्याने बाही वर केली आणि स्वतःचा हात टेबलावर ठेवला. सुरकुतलेली, सैल, कागदासारखी पातळ कातडी, तिच्यावर बारीक पांढरी लव.

"काढ," ती म्हणाली.

"तुझ्या हातावर? नको. कापलं तर?"

"म्हणूनच काढ."

शिड्याने फेस लावला. श्वास रोखला. रेझर टेकवला तो असा, की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतोय. आत्या त्याच्या बोटांकडे बघत होती. मनगटापासून कोपरापर्यंत लव निघाली आणि एक ओरखडा उठला नाही.

"बघ. येतंय की तुला," आत्या म्हणाली. "दुसऱ्याच्या अंगाला हात लावताना तुला बरोबर कळतं. मग स्वतःच्या तोंडाशीच काय वैर आहे तुझं?"

शिड्या ओशाळून हसला. मग तोच हात, तेवढाच हलका, त्याने स्वतःच्या गळ्यावर फिरवून बघितला. कातडीवर काही फिरतंय असंसुद्धा वाटलं नाही, नुसता बारीक खसखस आवाज. फेस पुसल्यावर खुंट गेलेले होते आणि रक्ताचा थेंब नव्हता. पुढचे दोन दिवस तो दिसेल त्याला गळा दाखवत फिरला.

इथेच त्याला शहाणपण सुचलं. चाचणीला तीन दिवस होते, गळा छान शांत होता, पण उलट्या बाजूने बोट फिरवलं तर किंचित खरखर लागत होती. आत्याने फक्त दोन हात सांगितले होते, एक सुलट आणि एक आडवा. शिड्याच्या मनात आलं, आता आपला हात बसलाय, एक उलटा हात मारून काम पक्कं करून टाकू. मारला. गळा असा गुळगुळीत झाला की त्याने आरशाला डोळा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुवटीखाली तेच ओळखीचे लाल फोड रांगेने उभे होते.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तो खाली मान घालून आत्याकडे गेला. तिने त्याला उजेडात बसवून गळा न्याहाळला.

"मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये," ती म्हणाली. "उलट कापलेला केस कातडीच्या आत जातो आणि आतच वळतो. तुला गुळगुळीत हवंय की मुखवटा बसायला हवाय?"

"मुखवटा."

"मग आता चाचणीच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. थंड पाणी मारायचं, तुरटी लावायची, आणि गप्प बसायचं."

गप्प बसणं हे शिड्याला आगीपेक्षा अवघड. पण तो बसला. दोन दिवसांत फोड विझले.

चाचणीच्या सकाळी त्याने घड्याळ पालथं घातलं. गरम टॉवेल, घोटलेला फेस, एक सुलट हात. पुन्हा फेस, एक आडवा हात. थंड पाणी. मग बोट फिरवलं. हनुवटीखाली, डावीकडे, अगदी किंचित खरखर. रेझर अजून हातात होता, फेस वाटीत शिल्लक होता. एक हात फक्त, कोणाला कळणार होतं. शिड्याने त्या जागेकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाला, झालेलं काम झालेलंच राहू दे. त्याने पातं काढलं, धुतलं आणि रेझर कपाटात ठेवून दिला. त्याच्या मते त्या दिवशीची खरी चाचणी तिथेच झाली.

तपासनीस तेच होते. त्यांनी टोपडं घातलं आणि फवारा मारला. शिड्याने सांगतील तसं केलं. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, खोल श्वास, कमरेत वाकून श्वास, मोठ्याने शंभरापासून उलटे आकडे. पुन्हा फवारा. मुखवट्याच्या आत रबराचा वास तेवढा होता.

"कडू?"

"नाही साहेब."

"नक्की? गेल्या दोन वेळा लगेच लागलं होतं. आणि ही शेवटची संधी आहे, हे मलाही माहीत आहे."

त्यांचा रोख शिड्याला कळला. रागवायचं त्याला सुचलं नाही, इतका तो निश्चिंत होता. त्याने टोपड्याखालून हात आत घातला आणि हनुवटीखाली एक बोट घालून मुखवट्याची कडा जराशी उचलली. लगेच त्याचे डोळे मिटले, नाक आक्रसलं आणि तो असा खोकला, की तपासनीस मागे सरकले. हातच्या काकणाला आरसा कशाला. त्यांनी हसत कागदावर पास लिहिलं.

शिड्या गणवेशातच आत्याकडे गेला. ती मटार सोलत बसली होती.

"पास झालो," तो म्हणाला.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. शिड्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"आत्या, पास झालो."

"ऐकलं रे." तिने पदराने डोळे पुसले. "एकतीस वर्षं माणसं साफ करून आत पाठवली. पहाटे माझं काम संपायचं, त्यांना स्ट्रेचरवर घालून न्यायचे आणि मी घरी यायचे. पुढे कोण वाचलं, कोण नाही, मला कुणी कधी सांगितलं नाही. विचारायची माझी पायरीही नव्हती. माझ्या हाताखालून गेलेला माणूस परत येऊन सांगतोय, असा तू पहिलाच."

शिड्या तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याने टोपलीतली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"आता हे लावून धरायचं," आत्या म्हणाली. "आगीत जाऊन आलास की दरवेळी सांगायचं. मी झोपले असेन, तर उठवून सांगायचं."

"सांगेन," शिड्या म्हणाला.